सोळा व्हायोलिनांपुढे एक

‘पाहुण्या वादकाच्या व्हायोलिनला कुठेतरी माईक लपवलेला असणार.’ बडोद्यात पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची मैफल झाली की मध्यंतरात हे कानावर येतंच. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा ज्या गावात निघाली, तिथल्या कानांनाही ही शंका येते. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिल्या गटातच सोळाएक व्हायोलिनं असतात. त्यांच्यापुढे एकट्याने वाजवणाऱ्या पाहुण्याचा टिकाव लागावा कसा?

ध्वनीची बेरीजच निराळी असते. झोपाळ्याला सोळा जणांनी आपापल्या मर्जीने धक्के दिले, तर काही धक्के एकमेकांना खोडून टाकतात. व्हायोलिनांचं तेच होतं. एकाच्या तारेची कंपनं सेकंदाला ४४०, शेजाऱ्याची ४४१, तिसऱ्याची ४३९. शिवाय प्रत्येकाची बोटं तारेवर वेगळ्या लयीत डोलतात. लहरींचे माथे क्वचितच एकत्र येतात. त्यामुळे कंपनांचा आवाका सरासरीने सोळापट नव्हे, सोळाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट वाढतो. ऊर्जा आवाक्याच्या वर्गाप्रमाणे मोजतात, म्हणून ती सोळापट होते. डेसिबलमध्ये ही वाढ १२. आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला ढोबळमानाने १० डेसिबल लागतात! म्हणजे सोळा व्हायोलिनं एकाच्या जेमतेम सव्वादोनपट मोठी वाटतात. सगळ्या लहरी तंतोतंत जुळल्या असत्या तर २४ डेसिबल वाढले असते आणि मग पाहुण्याची धडगत नव्हती.

(४४० निघालंच आहे, तर ‘४३२ हर्ट्‌झ ही विश्वाची कंपनं’ या व्हॉट्सअ‍ॅपी शोधाबद्दल: हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. विश्वाला तो कुणी कळवला? ४४० तरी कुठे दैवी आहे. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलेला तो व्यवहार.)

न जुळण्यातूनच गटाच्या आवाजाला मखमली धूसरपणा येतो. त्यावर एकट्या व्हायोलिनची रेघ ठळक उमटते, तिचं डोलणं कानाला वेगळं पकडता येतं. वादक पुढे उभा असतो, तोही फायदाच.

बाकीचं काम संगीतकाराचं. मेंडेल्सोनच्या १८४५ साली पहिल्यांदा वाजलेल्या ई मायनर कन्चेर्तोत, म्हणजे एकटं वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेत, पाहुणा दुसऱ्याच मात्रागटात शिरतो, तेव्हा मागे तंतुवाद्यं हलकेच कुजबुजत असतात. ट्रॉम्बोन, म्हणजे दणदणीत पितळी कर्णे, तर त्या रचनेत घेतलेलेच नाहीत. ते जोरात वाजले असते, तर वरचं सगळं गणित कोलमडलं असतं.