साहेब शेवटी बोलले तर?

गोव्यात स्टार्टअप काढा, समुद्र बघत काम करा, कल्पना आपोआप सुचतील, अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. हवा चांगली आहे, एवढंच त्यातलं खरं. कल्पना सुचण्यापेक्षा ती मीटिंगमध्ये तोंडातून बाहेर पडणं अवघड असतं.

आमच्याकडची रविवारची ग्रामसभा बघा. मेगा प्रोजेक्ट असो की कचरा, लोक सरपंचाला धारेवर धरतात. त्यातलाच एखादा सोमवारी पर्वरीच्या ऑफिसात मॅनेजरपुढे मान डोलावतो. स्वभाव एका रात्रीत बदलत नाही. बदलतो तो त्या जागेचा अलिखित नियम.

सोलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अशा दबावाचं माप काढलं. समोरच्या तीन रेषांपैकी नमुन्याएवढी लांब कोणती, ते सांगायचं. एकट्याने बघितलं तर चूक जवळपास होतच नाही. पण गटातले बाकी सगळे पढवलेले. ते ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर देणार. तेव्हा न पढवलेल्या एकट्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकली.

पुढचा भाग मला फार आवडतो. पढवलेल्यांपैकी एकानेच बरोबर उत्तर दिलं, तर या चुका पाव हिश्शावर आल्या. त्याहून गंमत म्हणजे, तो एकटा बहुमताहून वेगळं पण चुकीचंच बोलला, तरी चुका घटल्या! म्हणजे दबाव निव्वळ संख्येचा नाही, एकमताचा आहे. तिघांचं एकमत झालं की दबाव जवळजवळ पुरा होतो; पुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नाही. उत्तर कागदावर लिहून द्यायला सांगितलं, तेव्हाही चुका कमी झाल्या.

कामाच्या जागी लोक कधी बोलतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना इस्पितळांत उलटंच चित्र दिसलं. चांगल्या चालणाऱ्या पथकांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या! चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून वेर्णाच्या एखाद्या औषध कारखान्यात तिमाहीत एकही डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरलेल्या पद्धतीहून काही वेगळं घडल्याची नोंद, आला नाही, तर पेढे वाटण्याआधी जरा चौकशी करावी.

केबिनचं दार पूर्वेला फिरवून यातलं काही हलत नाही, वास्तुतज्ज्ञ काहीही सांगोत. मीटिंगआधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहावं, सगळ्यात नव्या मुलीने आधी बोलावं, साहेबांनी शेवटी. याला खर्च कागदाचा.