बाथरूमच्या टाइलसाठी माल कोणता घ्यावा?

टाइल पसंत झाली की मालाचा, म्हणजे ती चिकटवायच्या मिश्रणाचा, विषय बहुतेक जण मिस्त्रींवर सोडून देतात. टाइल तुमच्या आवडीने घ्या, पण माल तिची पाठ बघून ठरवा.

टाइल उलटी करून पाठीवर चमचाभर पाणी टाका. सिरॅमिक वॉल टाइल ते बघता बघता पिते. व्हिट्रिफाइडवर, म्हणजे जास्त भाजलेल्या घट्ट टाइलवर, पाणी तसंच राहतं, कारण तिचं पाणी शोषण 0.5 टक्क्याच्या आत असतं. वाळू-सिमेंटचा माल टाइलच्या पाठीत शिरून पकड घेतो. व्हिट्रिफाइडमध्ये शिरायला जागाच नसते, म्हणून पुढे टाइल ठोकली की पोकळ वाजते. ‘आम्ही कायम सिमेंटमध्येच लावतो’ असं मिस्त्री म्हणतात, ते खोटं नाही. आठ-बाय-आठ इंचाच्या पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल पाण्यात भिजवून अशाच लावल्या जायच्या आणि टिकल्याही. दोन-बाय-चार फुटाच्या व्हिट्रिफाइडला मात्र अ‍ॅडहेसिव्हच (बॅगेत मिळणारा टाइल चिकटवायचा तयार माल) हवं, आणि तिथे टाइल भिजवायचीही नाही.

बॅगवर आयएस 15477 (टाइल अ‍ॅडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइपचा आकडा बघा. टाइप 1 सर्वांत स्वस्त, पण ते बाथरूमसाठी घेऊ नका. सिरॅमिक आणि मध्यम मापाच्या व्हिट्रिफाइडला टाइप 2 पुरतं. मोठं माप किंवा दगड असेल तर टाइप 3. कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या फ्लॅटमध्ये तोडफोड टाळायला जुन्या टाइलवरच नवी लावतात. त्यासाठी टाइप 3 किंवा वरचं घ्या आणि बॅगच्या मागे ‘टाइलवर टाइल’ लिहिलंय याची खात्री करा. जुनी टाइल आधी ठोकून बघा, पोकळ असेल ती काढाच. फरशी 12 ते 15 मिमी उचलली जाईल. दरवाजा आणि नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीचा) विचार आधीच करा.

एवढं महाग अ‍ॅडहेसिव्ह आणून चार कोपऱ्यांत चार गोळे लावले तर पैसे पाण्यात. दातेरी थापीने सरळ रेघा ओढायच्या, मोठ्या टाइलच्या पाठीवरही हात फिरवायचा. पहिली टाइल बसवली की लगेच उचलून बघा: पाठ जवळपास पूर्ण माखलेली हवी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत भिंतीवरच्या मालाला लवकर साय धरते. बोटाला माल चिकटत नसेल तर तो खरवडून टाकावा, वर पाणी शिंपडून चालवू नये.

आणि अ‍ॅडहेसिव्ह म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. कोबा (टाइलखालचा पाणी अडवणारा थर) आणि वॉटरप्रूफ कोटिंग झाल्यावर पाणी भरून ठेवा, खालच्यांच्या छताला ओल नाही हे बघा, मगच टाइल.

3 मिमी थराला 20 किलोची बॅग साधारण 50 चौरस फूट जाते. आमच्या दुकानात येताना टाइलचा तुकडा आणि भिंतीचा फोटो आणा. न उघडलेल्या बॅगा परत घेतो. उघडलेल्या घेत नाही, कृपया आग्रह करू नये.