गव्हाचा सख्खा कोण आणि चुलत कोण?

आमच्या भाचीला सीलिएक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रोटीनने आतड्याला इजा होते तो आजार) निघाला तेव्हा घरात पहिला विषय हाच, की रविवारच्या दाल-बाफल्यांचं (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) आता काय. डॉक्टरांनी सांगितलं गहू बंद, जवसुद्धा बंद, पण ज्वारी, मका, भात खुशाल द्या. आता ही सगळी गवतंच ना, मग जव का नाही आणि ज्वारी का चालते? मी यावर बरंच वाचलं आणि उत्तर निघालं ते नातेवाइकीचं!

आधी घरी एक करून बघा. मालवी गव्हाच्या कणकेचा गोळा अर्धा तास ठेवा आणि मग पाण्यात चोळून चोळून धुवा, पांढरा स्टार्च वाहून जातो आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, ते ग्लूटेन. ज्वारीचं पीठ असं धुतलं तर हातात काहीच राहत नाही, म्हणून तर भाकरी थापावी लागते. हे प्रोटीन म्हणजे झाडाने कोंबासाठी बांधून दिलेला डबा आहे. पान ऊन-पाण्याप्रमाणे लहानमोठं होतं, पण डब्यात कोणतं प्रोटीन असणार ते जीन ठरवतो, त्यामुळे दोन झाडांचे डबे सारखे निघाले तर खानदान जवळचं असण्याची शक्यता मोठी. गव्हाचं ग्लायडिन आणि जवाचं हॉर्डीन जवळजवळ भावंडं, तर ज्वारीचं काफिरिन आणि मक्याचं झीन ही दुसऱ्या शाखेतली भावंडं. भाचीचं शरीर नेमकी गहू-जवाची शाखा ओळखतं.

१९२० च्या दशकात जर्मनीत क्योनिग्सबर्गला वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल मेझ यांनी शरीराची ही ओळखच मोजायला घेतली. एका बीचं प्रोटीन सशाला टोचायचं, त्याच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या की ते सीरम दुसऱ्या झाडाच्या बीच्या अर्कात मिसळायचं, जितका साका जास्त तितकं नातं जवळचं. असं करत त्यांनी अख्ख्या वनस्पतींची वंशावळ मांडली, बर्लिनच्या शास्त्रज्ञांना मात्र तसे निकाल मिळेनात आणि मोठा वाद झाला. पद्धत कच्ची होती पण कल्पना मला फार आवडते. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्याला पिस्त्याचाही त्रास होतो तो याच कारणाने, दोघं आंब्याच्या कुळातले (आपली चारोळीपण त्याच कुळातली बरं का).

खरी गंमत तांदळात आहे. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ ऑसबॉर्न यांनी बियांची प्रोटीन्स विरघळण्यावरून चार गटांत वाटली होती, पाण्यात विरघळणारी, मिठाच्या पाण्यात, अल्कोहोलमध्ये आणि फक्त अ‍ॅसिड किंवा अल्कलीत. त्या हिशेबाने भाताचं मुख्य प्रोटीन आणि गव्हाचं ग्लूटेनिन एकाच चौथ्या गटात बसले. पण पुढे अमिनो आम्लांचा क्रम वाचता आला तेव्हा कळलं की भाताचं हे प्रोटीन मटार आणि सोयाबीनमधल्या लेग्युमिनच्या घराण्यातलं आहे, आणि ग्लूटेनिनचं नातं ग्लायडिनशी. म्हणजे विरघळणं सारखं असलं तरी रक्त वेगळं! लेग्युमिनचं हे घराणं भोपळ्याच्या बीत सापडतं, तिळात सापडतं, राजगिऱ्यात सापडतं, इतकंच काय फुलं न येणाऱ्या चीड-देवदारांतही, म्हणजे ते फुलांपेक्षा जुनं. म्हणूनच लांबलांबची कुळं ताडून बघायला ते कामाचं, कारण ग्लायडिनसारखी प्रोटीन्स तर गवतांबाहेर मिळतच नाहीत.

अडचण एकच, या जीनच्या एकेका झाडात अनेक नकला असतात, आणि चुकून याची एक नक्कल आणि त्याची भलतीच नक्कल शेजारी ठेवली तर सख्खे भाऊ चुलत वाटायला लागतात. पुढे १९९० नंतर कुळांची मांडणी मुख्यतः डीएनएवरून होऊ लागली.

भाचीसाठी आता मक्याच्या पिठाचे बाफले करतो, बांधले जावेत म्हणून त्यात उकडलेला बटाटा घालतो, तूप तेवढंच.