पल्सजेट आणि पल्स डेटोनेशन एकच नव्हे

"व्ही-1 बॉम्बचं पल्सजेट म्हणजेच पल्स डेटोनेशन इंजिन, ते टर्बाइनला जोडलं की निम्मं इंधन वाचतं." सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये हे वाक्य अजून फिरतं. दोन्ही भाग चुकीचे आहेत.

व्ही-1 हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन उडता बॉम्ब. त्याच्या पल्सजेटमध्ये, म्हणजे ठोक्याठोक्याने इंधन जाळणाऱ्या इंजिनात, साधं ज्वलन होतं, सेकंदाला 45 च्या आसपास ठोके. गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम आठवा: वात सुरसुरत जळते, तशातला हा प्रकार. डेटोनेशनमध्ये ज्योत आघात-लहरीला, म्हणजे आवाजाहून वेगवान दाबाच्या लाटेला, चिकटूनच धावते. हायड्रोजन-हवेच्या योग्य मिश्रणात तिचा वेग सेकंदाला सुमारे 1,970 मीटर असतो आणि दाब क्षणभर 15 पट चढतो.

पल्स डेटोनेशन इंजिनात एका ठोक्यात नळी इंधन-हवेच्या मिश्रणाने भरायची, ठिणगी द्यायची, वायू बाहेर जाऊ द्यायचा, मग ताज्या हवेने नळी धुवायची. धुणं अपुरं राहिलं तर उरलेला गरम वायू नवं मिश्रण वेळेआधीच पेटवतो. ठिणगीने थेट डेटोनेशन होत नाही, म्हणून ज्योतीला वेग देऊन तिथवर न्यायला नळीत तारेचं सर्पिल बसवतात. डेटोनेशनची लाट पुढे जाताना जाळीसारखी नक्षी उमटते, तिच्या एका घराला पेशी म्हणतात; प्रोपेन-हवेत तिची रुंदी सुमारे 50 मिमी. सर्पिलातली मोकळी वाट त्याहून अरुंद ठेवली तर ज्योत वेग घेते, पण डेटोनेशन सहसा साधत नाही. पहिल्या मॉडेलमध्ये बहुधा हेच चुकतं.

नेहमीच्या ज्वलनकक्षात सुमारे 5 टक्के दाब वाया जातो, डेटोनेशनमध्ये तो वाढतो. फायदा खरा आहे. पण टर्बाइनची पाती स्थिर प्रवाहासाठी घडवलेली. ठोक्यागणिक हवा वेगळ्या कोनातून आदळते आणि कमाईचा बराच भाग तिथेच जातो. शिवाय धुण्याची हवा आणि सर्पिलाचा अडथळा यांतही काही भाग जातो. 2008 मध्ये अमेरिकेतल्या मोहावीत पल्स डेटोनेशन इंजिनावर विमान उडालं, तेही जेमतेम 10 सेकंद, टर्बाइनशिवाय.