फिरत्या पाण्यातील मत्स्यपालन : डेन्मार्कमधील पार्श्वभूमी

टाक्यांमधील पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा माशांसाठीच वापरण्याची ‘आरएएस’ पद्धत आपल्याकडे मुख्यतः पाणी वाचवणारे तंत्र म्हणून ओळखली जाते. डेन्मार्कमध्ये मात्र तिला बळ मिळाले ते सांडपाण्यावरील निर्बंधांमुळे.

डेन्मार्कच्या जटलंड या द्वीपकल्पात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ओढ्यांवर बंधारे घालून मातीच्या तळ्यांत ट्राउट मासे वाढवले जात. तळ्यांतून खेळवलेले पाणी विष्ठा आणि उरलेल्या खाद्यासह पुन्हा ओढ्यात सोडले जाई, शिवाय बंधाऱ्यांमुळे स्थलांतर करणाऱ्या माशांची वाट अडे. ऑक्टोबर १९८६ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या कॅटेगॅट समुद्रात ऑक्सिजनअभावी मेलेल्या लॉब्स्टरची दृश्ये दूरचित्रवाणीवर झळकली आणि देश हादरला. यात मोठा वाटा शेतीतून वाहून येणाऱ्या, शेवाळ वाढवून पाण्यातला ऑक्सिजन संपवणाऱ्या नायट्रोजनचा होता; पण १९८७ च्या जलपर्यावरण आराखड्याने नायट्रोजन निम्म्यावर आणण्याचे व फॉस्फरस ८० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा मत्स्यपालकही त्यातून सुटले नाहीत. १९८९ च्या नियमांनी खाद्याच्या वापरावरच मर्यादा घातली. माझ्या मते हेच सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते, कारण माशांच्या पाण्यातील प्रदूषण मुळात खाद्यातूनच येते. पुढे ‘आदर्श मत्स्यशेती’ म्हणून उभारलेल्या केंद्रांनी तेच पाणी फिरवायला सुरुवात केली आणि बाहेर पडणारे पाणी वनस्पती वाढलेल्या जुन्या तळ्यांतून संथपणे वाहू दिले.

मात्र पाणी फिरवल्याने घाण नाहीशी होत नाही. फिरत्या जाळीच्या ड्रममध्ये विष्ठा अडकते आणि तिचा गाळ साचतो. जैविक गाळणीतील जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट काढायला वेगळी, ऑक्सिजनविरहित टाकी लागते. ती नसेल तर ते बदललेल्या पाण्याबरोबर बाहेरच जाते. पंप आणि ऑक्सिजनपुरवठा अहोरात्र विजेवर चालतात. समुद्री माशांच्या केंद्रातला गाळ खारट असल्याने शेतात टाकणेही अवघड होते.

ईल या सापासारख्या लांब माशाच्या बाबतीत तर प्रश्न टाकीच्या बाहेरच सुरू होतो. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकात या पद्धतीने ईल वाढवण्याचा धंदा फोफावला, परंतु त्याची पिल्ले आजही निसर्गातूनच पकडावी लागतात आणि युरोपीय ईल आता अतिसंकटग्रस्त प्रजातींत गणला जातो.

भारतात २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने आठ टाक्यांच्या मोठ्या आरएएस प्रकल्पासाठी ५० लाख रुपये खर्च गृहीत धरून अनुदान देऊ केले. महाराष्ट्रातील वीज अजूनही मोठ्या प्रमाणात कोळशावर तयार होते, त्यामुळे इथे वाचलेल्या पाण्याच्या हिशेबात विजेचा आणि गाळाचा खर्चही सुरुवातीलाच मांडायला हवा.