माया रक्तात असते की जिभेत?

ग्रुपवर परवा पुन्हा तेच फॉरवर्ड आलं, माया रक्तातच असावी लागते, खाण तशी माती वगैरे, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मला अशा वेळी कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे उंदीर आठवतात.

तिथल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मंडळींनी बघितलं की पिल्लं झाल्यावर पहिल्या आठवड्यात काही माद्या त्यांना सारख्या चाटत बसतात आणि काहींचं मात्र जेवढ्यास तेवढं. दूध सगळ्याच पाजतात. पण भरपूर चाटलेली पिल्लं मोठेपणी कमी बिचकतात, आणि त्यातल्या माद्या आई झाल्या की त्याही तशाच चाटतात. म्हणजे खाण तशी माती झालीच की! मग त्यांनी जन्मल्या जन्मल्या पिल्लांची अदलाबदल केली, तर पिल्लं गेली वाढवणारीवर, जन्म देणारीवर नाही. हे १९९९ साली छापून आलं.

आता खरी गंमत. ताण आला की उंदराच्या अंगात कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं हार्मोन सुटतं (आपल्यात कॉर्टिसॉल), आणि ते वेळेत थांबवायला मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन पकडणारी प्रोटीन्स असतात, जितके जास्त तितका ब्रेक लवकर लागतो. हे रिसेप्टर बनवणारा जो जीन आहे त्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असले तर एनजीएफआय-ए नावाच्या प्रोटीनला तिथे नीट बसता येत नाही आणि जीन मंदावतो. चाटलं की पिल्लाच्या मेंदूत सेरोटोनिनचं काम वाढतं, त्यामुळे हे प्रोटीन वाढतं, आणि पट्ट्यावरचे मिथाइल कमी होतात, ते मोठेपणीही कमीच राहतात. डीएनएतली अक्षरं तीच, वाचन बदललं. हे दाखवणाऱ्या त्यांच्याच २००४ च्या पेपरमध्ये तर मोठ्या उंदरांच्या मेंदूत टीएसए नावाचं रसायन सोडून हा फरक पुसूनही दाखवला.

लगेच 'आम्ही बाळाचे जीन्स अ‍ॅक्टिव्हेट करतो' म्हणणाऱ्या गर्भसंस्कारवाल्यांना पैसे देऊन येऊ नका. एक तर हे उंदीर आहेत, माणसात असं तपासायला जिवंत मेंदूचा तुकडा कोण देणार, आणि दुसरं म्हणजे हे सगळं जन्मानंतरच्या स्पर्शाचं आहे, पोटावर हेडफोन लावण्याचं नाही.

आणि आईला बोल लावायच्या आधी हेही बघा, भरपूर चाटणाऱ्या माद्यांना गरोदरपणात ताण दिला तर त्यांचंही चाटणं कमी झालं. उलट कमी चाटलेल्या पिल्लांना दूध सुटल्यावर मोठ्या पिंजऱ्यात, खेळायला वस्तू आणि भरपूर सोबती देऊन वाढवलं, तर त्यातल्या माद्या पुढे स्वतःच्या पिल्लांना आपल्या आईपेक्षा जास्त चाटायला लागल्या.