वजन उतरवणं (जास्तीचं वजन, तब्येत आणि आयुष्य)

अंगावर साचलेली जास्तीची चरबी ठरवून कमी करणं म्हणजे वजन उतरवणं. यातला "ठरवून" हा शब्द फार महत्त्वाचा आहे, न ठरवता वजन उतरणं ही वेगळीच गोष्ट असते आणि ती बहुतेक वेळा वाईट असते. विदर्भातल्या खेड्यात पोट निघालेला माणूस अजूनही खाऊनपिऊन सुखी समजला जातो, पोरगी सासरहून जराशी वाळून आली की माय पहिले विचारते, "जेवाले देत नाईत काय वो तुले?" त्यामुळे डॉक्टरनं वजन कमी करा म्हटलं की ते घरच्यांच्या पचनी पडत नाही.

जास्तीचं म्हणजे किती? किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, याला बीएमआय म्हणतात. जगभर २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात पण भारतीयांसाठी हीच हद्द २३ आणि २५ वर आणलेली आहे. म्हणजे ५ फूट ४ इंच उंचीच्या माणसाला ६१ किलोच्या पुढे जास्त आणि ६६ च्या पुढे लठ्ठ. आपल्यासाठी हद्द खाली का, हे पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांच्या जोडफोटोवरून समजतं. २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आलेल्या या फोटोतल्या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. हातपाय काटकुळे आणि चरबी सगळी पोटात, अशी माणसं आपल्या गावात पाराजवळ बसलेली कितीतरी दिसतात, त्यांना कोणी जाड म्हणत नाही आणि शुगर मात्र त्यांनाच निघते.

म्हणून काट्यापेक्षा टेप खरा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या आत पाहिजे, आशाताई तिशीच्या वरच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यात हे माप असतं. अंगणात बाया लाजतात, टेप लुगड्याच्या निऱ्यांवरूनच फिरतो, नाहीतर माणूस श्वास रोखून पोट आत घेतो आणि चार-पाच सेंटिमीटर तिथंच गायब होतात. खरं माप बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घ्यायचं असतं.

वजन उतरवल्यानं तब्येत सुधारते का? हो, आणि हे अगदी पक्कं आहे. त्यासाठी बारीक व्हायची गरज नाही, ८० किलोच्या माणसानं ५-६ किलो उतरवले तरी फरक पडतो. अमेरिकेत २००२ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात शुगरच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं लक्ष्य दिलं, तर डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं ते ३१ टक्केच घटलं होतं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यातल्या ८६ टक्के लोकांची शुगर वर्षानंतर गोळ्यांशिवाय ताब्यात होती, पण त्यांचा आजार ६ वर्षांच्या आतलाच होता हेही लक्षात ठेवा. आणि चेन्नईच्या अभ्यासात तर वजन फारसं हललंच नाही, तरी खाणंपिणं सुधारून आणि चालून नवा डायबेटीस २८ टक्क्यांनी कमी झाला. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नये ते यासाठी.

बीपी साधारण किलोमागं एक पॉइंट उतरतो. गुडघ्याचं गणित मला सगळ्यात जवळचं वाटतं, एक किलो उतरला की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो, आणि ज्या बाया दिवसभर निंदणाला उकिडव्या बसतात न् कापूस वेचतात त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आयुष्य वाढतं का, इथं मात्र जरा थांबून बोलावं लागतं. २००९ साली ९ लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली तर बीएमआय ३० ते ३५ असलेल्यांचं आयुष्य २ ते ४ वर्षांनी आणि ४० च्या पुढच्यांचं ८ ते १० वर्षांनी कमी दिसलं. पण वाढलेलं वजन उतरवलं की ती वर्षं परत मिळतात का हा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत डायबेटीसच्या ५ हजारांवर लोकांना जवळपास १० वर्षं आहार-व्यायामावर ठेवलं, वजन उतरलं, शुगर सुधारली, तरी हार्ट अटॅक आणि मृत्यू काही खास कमी झाले नाहीत. उलट स्वीडनमधे पोटाचं ऑपरेशन करून खूप वजन उतरवलेले लोक ऑपरेशन न केलेल्या तशाच लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी ३ वर्षं जास्त जगले. म्हणजे फार लठ्ठ माणसाचं वजन बरंच उतरून तिथंच टिकलं तर आयुष्य वाढतं, थोडं उतरलं तर जगणं नक्की सोपं होतं पण वर्षं मोजून कोणी देऊ शकत नाही.

आता न ठरवता उतरलेलं वजन. आमच्या गावातल्या एका काकांच्या पट्ट्याला चार महिन्यांत दोन नवी भोकं पाडावी लागली, जो तो म्हणे वा बारीक झाले, तपासलं तर उपाशीपोटी शुगर ३०० च्या वर. टीबी, कॅन्सर, थायरॉईड यातही असंच होतं, आणि आपल्याकडं खर्र्यानं (तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणानं) तोंड उघडेनासं झालेला माणूस जेवणच कमी करतो. अशा वेळी अभिनंदन नको, तपासणी पाहिजे.

उतरवायचं कसं याचे प्रकार पुष्कळ. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत मूळ आपल्याच भागातल्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, ती पुढं डॉ. दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेली. दोनदा जेवून पोटात एकूण कमी गेलं तर वजन उतरतं, पण एकादशीचा साबुदाणा आणि शेंगदाण्याचा कूट तळून-परतून खाल्ला तर उपास होतो, वजन तिथंच राहतं. ज्वारीची भाकर जाऊन ताटात रेशनचा भात वाढला, निंदणाच्या जागी तणनाशक आलं, वावरात जायला गाडी आली, वजन वाढायला एवढं बास झालं. म्हातारपणी नुसतं उपाशी राहिलं की चरबीसोबत मांसही झडतं म्हणून वरण, चणे, अंडी ताटातून काढू नये. घाईनं वजन पाडलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात.

इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण एकदम तोडलं तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते, तेव्हा लगेच साखर किंवा गूळ खायचा आणि डोस डॉक्टरकडून कमी करून घ्यायचा. बीपीच्या गोळीचंही तेच, १० किलो उतरल्यावर जुनाच डोस चालू राहिला तर सकाळी खाटेवरून उठताना चक्कर येऊन माणूस पडतो.